पहार, गिरमिट आणि गोठलेलं तळं

"अण्णा, काल आम्ही तळ्यावर गाडी घेऊन गेलो होतो."

"काठावर म्हण."

"काठावर नाही, तळ्यावर. पाण्याच्या वर. मधोमध."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "सूनबाईला फोन दे."

अण्णांचा विश्वास बसला नाही यात त्यांचा दोष नाही. आम्ही भिगवणकडचे. घरासमोर उजनीचं फुगवट्याचं पाणी, दारात वाळत घातलेली जाळी, आणि पाणी ही फक्त वर नाहीतर खाली जाणारी गोष्ट. ते दगडासारखं टणक होतं आणि त्यावर माणसं ट्रक उभे करून चुली पेटवतात, हे मी अमेरिकेत, मिनेसोटात येईपर्यंत मलाही खोटंच वाटलं असतं.

या राज्यात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत. नोव्हेंबरअखेर ती एकेक करून मिटायला लागतात आणि शेजारच्या आजोबांच्या अंगात चैतन्य येतं. सत्तरी ओलांडलेले, नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांचे नातू, उन्हाळ्यात हिरवळ कापण्यापलीकडे फारसे न दिसणारे. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला विचारलं, मासे धरता येतात का? मी म्हटलं, गळ हातात घेऊनच वाढलोय. झालं. दुसऱ्या दिवशी परवाना काढायला गेलो. इथे साठ दिवस घर करून राहिलात की मासेमारीच्या परवान्यापुरते तुम्ही इथले रहिवासी. ग्रीनकार्डच्या रांगेत माझी किती वर्षं गेली ते सांगत नाही, पण माशांच्या खात्यानं मला दोन महिन्यांत आपलं म्हटलं, हे मी विसरणार नाही.

पहिल्या दिवशी गाडी-बिडी काही नव्हती. डिसेंबरचा दुसरा आठवडा, घराजवळचं छोटं तळं. मला वाटलं होतं, हे लोक बिनधास्त चालत सुटतील. आजोबांनी आधी माझ्या गळ्यात दोरीला बांधलेले दोन टोकदार खिळे अडकवले. बर्फ फुटून आत गेलास तर हे दोन्ही हातांत धरून कडेला रोवायचे आणि पोटावर सरपटत बाहेर यायचं, उभं राहायचं नाही. मग त्यांनी पहार काढली. अगदी आपली विहिरीवरची पहार, फक्त टोक छिन्नीसारखं. चार पावलं टाकायची, पुढे पहार आपटायची. ठक्क आवाज आला तर पुढे. थोड्या थोड्या अंतरावर भोक पाडून पट्टीनं जाडी मोजायची. चालायला चार इंच. बर्फावरच्या स्कूटरला पाच ते सात. लहान मोटारीला नऊ-दहा. हे आकडे स्वच्छ, नव्या, काचेसारख्या बर्फाचे. दुधाळ पांढरा बर्फ असेल तर दुप्पट जाडी लागते, कारण त्याची ताकद निम्मीच.

आणि वर हिम साचलं असेल तर आणखी सावध. मला वाटायचं हिम म्हणजे थंडी, म्हणजे बर्फ पक्का. उलटं आहे. हिम ही तळ्याची गोधडी. तिच्याखाली बर्फ जाड व्हायला वेळ लागतो.

काठापासून पन्नास पावलं जायला आम्हाला अर्धा तास लागला. गावी माझ्या मित्रांना वाटतं, हे गोरे लोक वेडे आहेत, जिवावर उदार होऊन बर्फावर जातात. मी तर इतकी भित्री माणसं दुसरीकडे पाहिली नाहीत. ज्यांना भीती वाटत नाही ते बातम्यांत येतात. २०२३ च्या डिसेंबरअखेर, हिवाळा नेहमीपेक्षा उबदार असताना, उत्तरेच्या अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि वर बसलेल्या शंभरहून जास्त लोकांना सोडवून आणावं लागलं. आजोबा ती बातमी बघून बराच वेळ टीव्हीवरच्या लोकांना रागावत होते.

अण्णांना सांगितली ती गाडी पुढच्या जानेवारीतली. मिनियापोलिसपासून उत्तरेला दीड-पावणेदोन तासांवर मिल लॅक्स नावाचं तळं आहे. तळं कसलं, पलीकडचा काठ दिसत नाही. एवढं पसरलेलं, पण सगळ्यात खोल जागी फक्त ४२ फूट, म्हणजे विहिरीच्या मापात सात परस. काठावरचे रिसॉर्टवाले बर्फावरचं हिम बाजूला सारून रस्ते करतात, भेगांवर लाकडी-लोखंडी पूल टाकतात आणि आत सोडायचे पैसे घेतात. अगदी टोलनाका. आजोबांनी बर्फावर चाक ठेवण्यापूर्वी खिडक्या खाली केल्या आणि मला पट्टा सोडायला लावला. बाहेर उणे बावीस. गाडी बैलगाडीच्या वेगानं, कारण वेगात गेलं की बर्फाखाली पाण्याची लाट उठते आणि ती पुढे जाऊन बर्फ फोडते. मी पूर्ण वेळ दाराची कडी धरून बसलो होतो.

त्यांची खोपी आधीच तिथे ओढून ठेवलेली. प्लायवूडची, आत दोन फळ्यांचे पलंग, गॅसची शेगडी, विषारी वायूची सूचना देणारा भोंगा, आणि बाहेर कायद्यानं लावावा लागतो तो मालकाचा नंबर. मार्चमध्ये ठरलेल्या तारखेच्या आत ती काढून न्यावी लागते, नाहीतर दंड. जमिनीत चार भोकं. भोक पाडायचं यंत्र म्हणजे सुताराचं गिरमिटच, फक्त माणसाच्या कमरेएवढं आणि बॅटरीवर चालणारं. आठ इंची पातं गर्रकन फिरतं, बर्फाचा भुसा वर येतो आणि एकदम काळं पाणी उसळतं. मग तो भुसा काढायचा झाऱ्यानं. शब्दशः झारा, भजी तळायचा. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला जोराची भूक लागली.

त्या काळ्या पाण्याकडे बघताना मला दहावीचे शिंदकर... नको, नाव नको, आमचे विज्ञानाचे सर आठवले. 'पाण्याचे असंगत आचरण', होपचं उपकरण, आकृती काढा, तीन गुण. चार अंशांचं पाणी सगळ्यात जड, ते तळाला जातं, थंड पाणी वर राहून गोठतं, म्हणून थंड प्रदेशातले जलचर जिवंत राहतात. भिगवणच्या उन्हात घोकलेलं ते वाक्य माझ्या बुटाखाली होतं.

इथला मानाचा मासा वॉलाय, १९६५ पासून राज्याचा अधिकृत मासा. त्याच्या डोळ्यात मांजरासारखा चमकणारा पडदा असतो, म्हणून तो अंधुक उजेडात शिकार करतो आणि आपण दिवसभर फुकट बसतो. जानेवारीत पाचच्या सुमारास सूर्य बुडाला की सगळ्या खोप्यांमध्ये बोलणं बंद. सोनार म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र; त्याच्या गोल पडद्यावर हिरवी रेघ म्हणजे आपला गळ. खालून दुसरी रेघ वर सरकायला लागली की मासा बघायला आलाय. अण्णा पाण्यावरचे बुडबुडे बघून सांगायचे, ते काम हे यंत्र करतं. मला यंत्र जरा लबाडी वाटते, पण मी ते बंद केलं नाही.

पहिला वॉलाय मला मिळाला, दीड हाताचा, पाठीवर सोनेरी. आजोबांनी पट्टीवर ठेवला आणि म्हणाले, मापात बसत नाही, सोड. त्या हिवाळ्यात ठराविक लांबीचेच ठेवता येत होते. बाकीचे, मोठे असले तरी, परत पाण्यात. शिवाय असा धरलेला मासा विकायला बंदी. हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मंग धरता कशाला?"

रात्री लागला तो मात्र वॉलाय नव्हता. गळाला नुसतं ओझं. वर आला तो तपकिरी, चिकट, हनुवटीला एकच मिशी, आणि बाहेर येताच शेपूट माझ्या मनगटाला गुंडाळली. बरबॉट. कॉड कुळातला गोड्या पाण्यात राहणारा एकटाच, आणि अंडी घालतो तीही भर हिवाळ्यात बर्फाखाली. आजोबांनी तोंड वाकडं केलं. त्यांच्या लहानपणी असे मासे बर्फावर फेकून देत. माझ्या डोळ्यांसमोर मात्र मरळ उभी राहिली. उजनीकाठच्या माणसाला तो गोल गुळगुळीत देह बघून काय वाटतं ते उजनीकाठच्यालाच कळेल.

खोपीच्या दाराबाहेर ठेवला तर थोड्या वेळात लाकूड झाला. घरी नेला. आमची ही वेंगुर्ल्याची. गोड्या पाण्यातल्या माशाला लग्नापासून ती मासा मानत नाही. "ह्यो मासो नाय, चिखल आसा," म्हणून तिनं लांबूनच बघितलं. मी कातडं सोललं, तुकडे केले, काळं वाटण घालून अण्णांच्या पद्धतीचं कालवण केलं. मांस पांढरंशुभ्र, घट्ट, काटे जवळपास नाहीत, चिखलाचा वास तर अजिबात नाही; इतक्या गार पाण्यात कुठून येणार? तिनं दोनदा वाढून घेतलं आणि ताट उचलताना म्हणाली, "कॉड म्हणजे समुद्रातलोच ना शेवटी." आजोबांकडे डबा पाठवला. रिकामा डबा परत आला, वर चिठ्ठी: पुढच्या वेळी तिखट अर्धं.

एक गोष्ट त्यांच्याशी बोलायची मी टाळतो. मिल लॅक्सच्या काठी ओजिब्वे लोक राहतात, इथले मूळ रहिवासी. १८३७ च्या तहात त्यांनी जमीन दिली, पण तिथे शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. राज्यानं तो मानला नाही, आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. अजूनही वसंतात ते जाळी लावतात तेव्हा काठावरच्या हॉटेलांत कुरबूर होते. आजोबाही कुरबुरतात. मी गप्प बसतो, पण माझं मन कुठे असतं ते मला ठाऊक आहे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, आणि आमच्या आजोबांचं रान त्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी हटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तेव्हा अण्णा बोट करून बांध कुठे होता ते दाखवतात.

गेल्या शनिवारी पुन्हा मिल लॅक्सवर होतो. अंधार पडला होता, थंडी वाढत होती, आणि तळं ओरडायला लागलं. आधी लांबून तोफ डागल्यासारखं, मग पायाखालून सिनेमातल्या अंतराळयानातून किरण सुटावा तसा शिट्टीचा आवाज. पहिल्या वर्षी मी दाराकडे धावलो होतो. आता मान वर केली आणि परत खाली घातली. ओरडतंय म्हणजे बर्फ वाढतोय, हे आजोबांचं नेहमीचं.

संध्याकाळचे सहा, म्हणजे गावी पहाटेचे साडेपाच. अण्णा उठलेले असतात. मी व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा भोकावर धरला. बराच वेळ ते बघत राहिले. मला वाटलं, आता बर्फाबद्दल विचारतील.

"गळ तळाला टेकवलाय का?"

"एक वीत वर आहे."

"आजून एक वीत घे. मासा वर बघतोय, खाली न्हाई."

मी घेतला. आजोबांनी काय म्हणाले ते विचारलं, मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं बघतो तर त्यांनीही हळूच आपल्या रिळाचा एक फेरा फिरवला होता.