निसटलेली प्लेट

पुण्यात व्यायामाच्या साहित्याची विक्री आणि दुरुस्ती करताना मोडक्या वस्तू नेहमीच पाहायला मिळतात. पण त्या शनिवारी एक शिक्षिका पिशवीतून जी केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेला वजनाचा गोळा, घेऊन आल्या, ती पाहून आम्ही सगळेच काउंटरपाशी जमलो. डायल फिरवून वजन बदलण्याच्या प्रकारातल्या त्या केटलबेलची सर्वांत खालची प्लेट स्विंग करताना, म्हणजे ती पायांमधून समोर झुलवताना, सुटून समोरच्या भिंतीवर आदळली होती. सुदैवाने तिकडे कोणी नव्हते.

"दादा, एवढा खटका तेवढा बदलून द्या," इतकीच त्यांची मागणी होती. उघडून पाहिले, तर प्लेट अडकवणारा तो खटका प्लास्टिकचा होता आणि त्याची धार झिजून गोल झाली होती. त्याहून गंभीर बाब म्हणजे डायल अर्धवट फिरलेली, म्हणजे प्लेट नीट अडकलेली नसतानाही केटलबेल तिच्या ठेवायच्या स्टँडमधून सहज उचलली जात होती. जोमदार स्विंगच्या तळाशी वेग सर्वाधिक असल्यामुळे 16 किलोच्या केटलबेलचा ओढा तिथे दुपटीहून अधिक होतो, आणि असे धक्के त्या खटक्याने शेकडो वेळा सोसले होते. तालमीतला मुद्गल एकसंध असतो, म्हणून त्याला हा प्रश्न कधी पडत नाही.

खटका बदलून देण्यास मी नकार दिला आणि पोकळ पोलादी गोळ्याच्या आत दांड्यावर प्लेटा बसवून नटाने आवळण्याचा प्रकार दाखवला. त्यातली पहिली केटलबेल उलटी धरून हलवताच आत खडखडली, म्हणून ती बाजूला ठेवली; कारण आतल्या अशा हालचालीने नट सैल होत जातो आणि स्नॅच करताना, म्हणजे एका झटक्यात वजन डोक्यावर नेताना, मनगटाला हिसका बसतो. दुसरी मुकी राहिली. तिची मूठ व्हर्नियरने मोजली तेव्हा 33 मिलिमीटर भरली, जी बाईंच्या लहान पंजाला 35 मिलिमीटरच्या मुठीपेक्षा सोयीची होती. मुठीच्या जोडावरून नख फिरवले, तर कुठेही कड लागली नाही.

"म्हणजे दर वेळी पाना घेऊन बसायचं?" सोबत आलेल्या त्यांच्या यजमानांनी विचारले. शंका रास्त होती. स्क्वॉटसारख्या संथ व्यायामात वजन सारखे बदलायचे असेल, तर धातूच्या खटक्याची चांगली डायलवाली केटलबेल मीही सुचवतो. पण बाईंचा सगळा भर स्विंग आणि स्नॅचवर होता, आणि त्यात एका दिवसाला एकच वजन पुरते. त्यांनी ती दुसरीच घेतली. प्रत्येक सत्रापूर्वी नट आवळून, केटलबेल उलटी करून हलवून पाहायला मी सांगितले.