सवाईचं तिकीट काढण्याआधी घड्याळ बघा

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची यादी जाहीर झाली की सगळे नावं वाचतात. पुण्यात मुकुंदनगरला पाचही दिवस जाणं ज्यांना शक्य नाही, त्यांनी वेळाही वाचाव्यात. शास्त्रीय संगीतात बहुतेक रागांची दिवसातली वेळ ठरलेली असते, त्यामुळे कोणता राग कानावर पडणार, हे बरंचसं घड्याळच ठरवतं.

भीमसेन जोशींचे गुरू सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी भीमसेनांनी हा उत्सव सुरू केला, तेव्हापासून कित्येक वर्षं तो रात्रभर चालायचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद केले, आणि ललत, भैरव, रामकली हे पहाटे-सकाळचे राग या मांडवातून जवळपास हद्दपार झाले. ते ऐकायचे तर सकाळच्या मैफली शोधाव्या लागतात. दिवाळी पहाटेला जाण्याआधी मात्र जाहिरात नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी ‘पहाट’ म्हणजे भावगीतंच असतात.

दुपारच्या पहिल्या सत्रात भीमपलास, पटदीप, मुलतानी, मधुवंती येतात. तरुण गायक बहुधा याच वेळी असतात आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. सायंकाळी सातला पोचणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं.

खरी गंमत संधिप्रकाशाची. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मारवा, पुरिया, श्री, पुरिया धनाश्री यांना मिळतो तो तास-दीड तास. त्यात एखादा सत्कार लांबला किंवा माइकची जुळवाजुळव रेंगाळली, की मारव्याची वेळ टळते आणि गायक त्यानंतरच्या वेळेच्या यमनकडे वळतो. म्हणून सहाच्या आसपास कोण बसणार आहे ते बघून दिवस निवडा. मध्यरात्रीपर्यंत परवानगी मिळते तो दिवस, बहुधा शनिवार, रात्रीच्या दरबारी आणि मालकंसासाठी. रविवारी कार्यक्रम दुपारी बाराच्या सुमारास सुरू होत असेल तर शुद्ध सारंग, गौड सारंग हे भर दुपारचे राग ऐकण्याची वर्षातली दुर्मीळ संधी.

राग जाहीर होण्याआधी अंदाज बांधायचा असेल तर तानपुरे जुळताना पहिली तार ऐका. ती पंचमात (‘प’) असेल तर मारवा, पुरिया, मालकंस नाहीत असं समजायला हरकत नाही, कारण या रागांत पंचम नसतो. मध्यम (‘म’) लागला तर मालकंसाकडे कान ठेवा, निषाद (‘नी’) लागला तर मारवा-पुरियाकडे. दोन कलाकारांमधली ही दहा-पंधरा मिनिटं वाया जात नाहीत. गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा ‘सा’, पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवरून सांगतात: पुरुष गायक साधारण पांढरी एक ते काळी दोन, स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास. पट्टी बदलली की तबलाही बदलतो. अंधार पडल्यावर हवेत दमटपणा आला तर पुडी (तबल्याचं कातडं) उतरते, मग हातोडीचे ठोके पुन्हा सुरू. त्यावर ‘किती वेळ लावतात’ म्हणून कुरकुरू नये.

बसण्याचं म्हणाल तर भारतीय बैठक स्वस्त आणि मोकळी, पण सहा-सात तास मांडी घालणं सोपं नाही. सतरंजी, पाठीला छोटी उशी आणि शाल घ्या. मांडव बाजूंनी उघडा असला तर नऊनंतर गारठा जाणवतो. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ खुर्चीचं तिकीट काढा. जागा मधल्या रेषेत, थोडी मागे धरा. कडेच्या स्पीकरजवळ तबला मोठा आणि तानपुरा गायब. आणि वडापाव खायला उठायचं असेल तर दोन कलाकारांच्या मध्ये उठा, आलापात नाही.

शेवटच्या दिवशी अगदी शेवटी सवाई गंधर्वांचं भैरवीचं जुनं ध्वनिमुद्रण लावतात. भैरवी मुळात सकाळची, पण मैफल संपवायला तिला वेळेचं बंधन नाही. पार्किंगच्या गर्दीच्या धास्तीने त्याआधी उठू नका. गर्दी तशीही तेवढीच असते.