दिवसाला किती कर्बोदके? माझ्या वहीतला हिशेब

दिवसाला किती कर्बोदके खावीत, याचे उत्तर एका आकड्यात मिळावे असे सगळ्यांनाच वाटते आणि मीही त्याला अपवाद नव्हतो. शोधू लागल्यावर पहिल्यांदा हाती लागला तो १३० ग्रॅमचा आकडा. तो मी वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिला आणि तो आला कुठून याची चौकशी न करता पुढचे काही आठवडे ताटातला घासन् घास त्याच्याशी ताडून पाहत राहिलो.

हा आकडा अमेरिकेतील आहारविषयक शिफारशींमधला आहे आणि त्याचा आधार आहे मेंदू. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के असला, तरी विश्रांतीच्या अवस्थेत लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटाच वापरतो आणि त्याचे मुख्य इंधन ग्लुकोज असते. प्रौढ माणसाच्या मेंदूला दिवसाला सरासरी १०० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागते, असे धरून आणि माणसामाणसांतला फरक लक्षात घेऊन त्यावर भर घातली, की १३० ग्रॅम होतात. याच पद्धतीने गर्भवतीसाठी १७५ आणि स्तनदा मातेसाठी २१० ग्रॅम सांगितले आहेत. चालणाऱ्या, जिने चढणाऱ्या, ओझी उचलणाऱ्या शरीराची दिवसभराची गरज त्यात धरलेलीच नाही. अर्थात, १३० च्या खाली गेले की मेंदू उपाशी राहतो असेही नाही, कारण यकृत प्रथिनांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून ग्लुकोज तयार करते आणि कर्बोदके फारच घटली तर मेंदू बराचसा कीटोनवर, म्हणजे यकृताने चरबीपासून बनवलेल्या इंधनावर, निभावून नेतो.

पूर्ण दिवसासाठी त्याच शिफारशींमध्ये वेगळे माप आहे: एकूण कॅलरींपैकी ४५ ते ६५ टक्के कर्बोदकांतून यावीत. एका ग्रॅमला ४ कॅलरी धरल्या, तर २००० कॅलरींच्या आहारात हे प्रमाण २२५ ते ३२५ ग्रॅम भरते. इतक्या मोठ्या पट्ट्यात नेमके कुठे बसायचे, हे मात्र ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.

मला उलट्या बाजूने केलेला हिशेब सोपा वाटला. माझे वजन ७० किलो. प्रत्येक किलोमागे १ ग्रॅम धरून ७० ग्रॅम प्रथिने, म्हणजे २८० कॅलरी. स्निग्ध पदार्थांना ३० टक्के, म्हणजे ६०० कॅलरी. उरलेल्या ११२० कॅलरींना ४ ने भागले की २८० ग्रॅम कर्बोदके. जो दिवसभर खुर्चीत बसतो त्याच्या एकूण कॅलरीच कमी असतात, त्यामुळे त्याचा आकडा आपोआप खाली येतो. उलट, रोज तासन् तास पळण्याचा किंवा पोहण्याचा सराव करणाऱ्यांना प्रत्येक किलोमागे ६ ते १० ग्रॅम लागू शकतात.

हिशेब जमला, पण मोजमाप चुकले. तक्त्यातला १०० ग्रॅम तांदळामागे सुमारे ८० ग्रॅम कर्बोदके हा आकडा कोरड्या तांदळाचा होता आणि मी काट्यावर ठेवत होतो तो शिजलेला भात. शिजताना पाणी शोषले गेल्यामुळे १०० ग्रॅम भातात सुमारे २८ ग्रॅमच कर्बोदके असतात. म्हणजे १५० ग्रॅम भाताचे ४२ ग्रॅम मांडायचे तिथे मी १२० मांडत होतो, आणि १३० ची मर्यादा एका वाढणीत कशी संपते याचे कोडे मला बरेच दिवस उलगडले नाही. केळ्याच्या बाबतीत मी सालीसकट वजन केले होते, ते तर सांगायलाही संकोच वाटतो.

त्याच सुमारास ५० ग्रॅमच्या खाली राहण्याचाही प्रयोग करून पाहिला. पाच दिवसांत पावणेदोन किलो वजन उतरले आणि नेहमीचे जेवण सुरू केल्यावर तीन दिवसांत जवळजवळ सगळे परतले. यकृत आणि स्नायू मिळून सुमारे ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचा राखीव साठा, बाळगतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असते. साठा रिकामा झाला की ते पाणीही जाते. काट्यावर दिसलेली घट बहुतांशी हीच होती, चरबी नव्हे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र असला प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, कारण औषधाची मात्रा तीच ठेवून कर्बोदके तोडली तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात प्रमाणापेक्षा प्रतीवर भर आहे: कर्बोदके मुख्यतः अखंड धान्ये, भाज्या, फळे आणि डाळी-कडधान्यांतून यावीत आणि प्रौढांना रोज किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतू (फायबर) मिळावेत. वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतून येणारी साखर एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत असावी, असे हीच संघटना २०१५ पासून सांगत आली आहे. २००० कॅलरींना ती ५० ग्रॅम होते. हे वाचून मी जुनी पाने पुन्हा चाळली, तेव्हा २८० ग्रॅम अगदी काटेकोर जमलेल्या दिवशीही तंतू १४ ग्रॅमच भरले होते. आता वहीत त्यांचा वेगळा रकाना आहे आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस तो अजूनही २५ पर्यंत पोहोचत नाही.