पॅसेजमधली पडवी : चिरा, फणस आणि सव्वातीन फूट

आमच्या रत्नागिरीतल्या घराचा पॅसेज सव्वातीन फूट रुंद आणि साडेनऊ फूट लांब आहे. दार आत उघडतं, त्यामुळे एका भिंतीचे पहिले तीन फूट दारानेच खाल्लेत. पावसाळ्यात या बोळात चार माणसांच्या चपला-बूट, दोन हेल्मेटं, तीन छत्र्या आणि ठिबकणारे रेनकोट येऊन पडतात. आजोळी यासाठी पडवी होती. खुंटीला इरलं अडकवायचं, पायरीवर तांब्याभर पाणी पायांवर घ्यायचं आणि मगच आत यायचं. नेटवर ‘मडरूम’ (दाराजवळ ओले बूट-कोट काढून ठेवायची खोली) शोधलं तर जे फोटो येतात, त्यातली खोलीच आमच्या हॉलएवढी असते. म्हणून ठरवलं, आपण पडवीच करू. भिंतीला चिकटलेली, नऊ इंचांची.

नऊ इंच का, ते सांगतो. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालायला तीस इंच तरी मोकळे लागतात. एकोणचाळीसातून तीस गेले की उरतात नऊ. कागदावर हे सोपं होतं, तरी मे महिन्यात आठवडाभर खोक्यांचे पुठ्ठे कापून त्या मापाचं खोटं बाकडं तिथे ठेवलं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, “अरे, नऊ इंचांवर मी बसू कशी? चपलेचा पट्टा लावायला टेकायला नको?” बरोबरच होतं. हॉलच्या टोकाला समोरची भिंत संपते, तिथे जागा मिळते. म्हणून फळी तिरकी कापली. दाराकडे नऊ इंच आणि हॉलकडे तेरा. उंची अठरा इंच. या एका तिरक्या कापाने अख्खा प्रकल्प वाचला असं माझं मत.

फळी जुन्या घराच्या मोडीतली, फणसाची. वरून काळीकुट्ट होती. रंध्याचे चार हात मारले आणि आतून हळदीसारखा पिवळा रंग निघाला, पायाशी पिवळ्या कुरळ्या सालींचा ढीग. महिन्याभरात तो पिवळा तपकिरी व्हायला लागला, पण पहिल्या दिवशीचा तो रंग बघायला शेजारीही डोकावून गेले. एका कडेला खिळ्याचं मोडकं टोक आत राहिलं होतं, रंध्याच्या पात्याला दात पडल्यावर कळलं. जुनं लाकूड रंधायच्या आधी चुंबक फिरवून घ्या.

बाकड्याच्या पायांच्या तळाला काजूच्या टरफलांचं तेल लावलं. होड्यांना आणि वाशांना आपल्याकडे लावतात तेच, वाळवी लांब राहते. मी हातमोजा एकाच हातात घातला होता. दुसऱ्या मनगटावर आलेले फोड दहा दिवस राहिले. वरच्या बाजूला जवसाचं तेल, तीन हात. ते लावलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना गरम होतं आणि फडक्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. मी दोरीवर एकेक पसरून वाळवली. जूनच्या हवेत तिसरा हात वाळायला पाच दिवस लागले, तोवर बाकड्यावर “बसू नये” अशी चिठ्ठी.

आता खुंट्यांसाठी भिंत. आमची भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, वर गिलावा. ज्यांनी जांभ्यात ड्रिल घातलंय त्यांना पुढचं वाचायची गरज नाही. आठ मिलीमीटरचं बिट लावून ड्रिल हॅमरवर (ठोके देत फिरण्यावर) ठेवून दाबलं, तर एका जागी ते भसकन आत गेलं, कारण जांभ्याच्या पोटात पोकळ्या असतात. बिट बाहेर काढलं तेव्हा भोक बारा मिलीमीटरचं, त्यातून विटकरी भुकटीची धार फरशीवर, आणि स्क्रू पकडणारा प्लॅस्टिकचा प्लग बोटाने गोल फिरतोय. हॅमर बंद करून, आधी सहाचं आणि मग आठचं बिट नुसतं फिरवत नेलं तर भोक बरं येतं. तरी पाचांतले दोन प्लग ढिलेच.

शेवटी आमच्या सुतारकाकांना विचारलं. ते हसले. “चिऱ्याला प्लग कसला लावतोस? गट्टू मार.” गट्टू म्हणजे लाकडाचा ठोकळा. छिन्नीने दोन इंची चौकोनी खड्डा काढायचा, तोंडापेक्षा आत रुंद. ठोकळाही तसाच तासायचा, जाड टोक आतल्या बाजूला. खड्डा ओला करून सिमेंटच्या घट्ट मालात ठोकळा बसवायचा आणि तीन दिवस हात लावायचा नाही. ढिल्या दोन ठिकाणी तेच केलं. मग सगळ्या खुंट्या भिंतीत न ठोकता पाच फुटी एकच आडवी पट्टी या पाच जागी स्क्रूने आवळली आणि खुंट्या पट्टीवर बसवल्या. ओल्या रेनकोटचं वजन एका भोकावर येत नाही. पट्टी स्विचबोर्डच्या अलीकडेच संपवली. बोर्डाच्या सरळ वर-खाली वायरचा पाइप भिंतीत असतो, तिथे ड्रिल लावायचं धाडस माझ्यात नाही.

बाकड्याखाली काय, यावर मात्र मी एकदा तोंडघशी पडलोय. गेल्या वर्षी तयार शू-रॅक आणला होता, झाकणाचा, दिसायला सुबक. ऑगस्टपर्यंत आतल्या कोल्हापुरीवर पांढरी बुरशी आणि रॅकचा तळ पाणी पिऊन पुरीसारखा फुगलेला. ओल्या चपलांना कपाट नको, वारा हवा. म्हणून यंदा खाली झाकण नाहीच. स्टीलचा एक इंच काठाचा ट्रे करून घेतला आणि त्यावर अर्ध्या इंचाच्या फटी ठेवून लाकडी पट्ट्यांची जाळी ठेवली. पाणी ट्रेमध्ये मधोमध साचायला लागलं, तेव्हा एका टोकाखाली दोन सूत (पाव इंच) जाडीची चकती सरकवली. आता ते एका कोपऱ्यात येतं, सकाळी एका हाताने ट्रे रिकामा. मागे भिंतीपासून इंचभर अंतर सोडलंय, कारण जुलैत भिंतीलाच ओल येते.

आणि माझा लाडका भाग. जुन्या कॉम्प्युटरचा 120 मिलीमीटरचा पंखा जाळीच्या टोकाला आडवा लावला, जुन्या राउटरच्या 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर, पाणी पोचणार नाही इतका वर. कॅनव्हासचे बूट रात्रभरात वाळतात. चामड्याचे नाही वाळत, त्यांच्यात अजूनही वर्तमानपत्र कोंबतो. मुलगी म्हणते आवाज येतो. मला येत नाही.

राहिलंय ते हेल्मेटचं. हेल्मेट नऊ इंचांत बसत नाही, खुंटीला लावलं की येणाऱ्याच्या खांद्याला लागतं. सध्या दारावरच्या मोकळ्या जागेत फळी टाकायचा विचार आहे, पण आईचा हात तिथे पोचत नाही आणि तिची स्कूटर रोज निघते. दाराच्या मागच्या बाजूला अडकवलं तर दार पूर्ण उघडत नाही, तेही करून पाहिलं. तोवर दोन्ही हेल्मेटं बाकड्याच्या रुंद टोकावर, म्हणजे नेमकी आईच्या जागेवर बसलीत.