बीपीच्या गोळ्या आणि घोट्यावरची सूज

अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाली की तिसऱ्या दिवशी मशीन लावायचं आणि आकडा हलला नाही की गोळी लागू पडत नाही म्हणायचं, असं फार होतं. पण हिचा निम्मा अंश शरीराबाहेर पडायलाच 30 ते 50 तास लागतात. रोज थोडी थोडी साठत रक्तातली पातळी स्थिर व्हायला आठवडा जातो, तोवर निकाल लावू नका. याच कारणाने एखादा दिवस चुकला तरी बीपी लगेच उसळत नाही. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नका.

रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूत कॅल्शियम शिरलं की तो आवळतो. अ‍ॅम्लोडिपिन ते दार अडवते, वाहिनी सैलावते आणि दाब उतरतो. मात्र सैलावतात त्या बारीक धमन्या. पलीकडच्या शिरा जवळपास तशाच राहतात. मधल्या केशवाहिन्यांत रक्ताचा जोर वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ दिसतो, अंगठ्याने दाबलं तर खळगा राहतो. 5 मिलिग्रॅमपेक्षा 10 वर हे जास्त दिसतं. अंगात जादा पाणी साठल्यामुळे आलेली ही सूज नव्हे, म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी ओसरत नाही. डॉक्टर डोस कमी करतात किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारखी गोळी जोडतात. या गोळ्या शिराही सैल करतात. एकाच पायाला सूज असेल किंवा धाप लागत असेल, तर मात्र गोळीवर ढकलू नका, लगेच दाखवा.

रॅमिप्रिल, एनालाप्रिल वाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन-2 तयार होऊ देत नाहीत. ज्या एन्झाइमला त्या रोखतात, तेच ब्रॅडिकायनिन हे शरीरातलं रसायनही मोडतं. ते साठलं की घशात खवखव आणि कोरडा खोकला. सिरपच्या बाटल्या संपवून उपयोग नाही. गोळी बदलली की खोकला साधारण महिनाभरात जातो. टेल्मिसार्टन, लोसार्टन पुढच्या टप्प्यावर काम करतात, त्या एन्झाइमला हात लावत नाहीत, त्यामुळे हा त्रास सहसा होत नाही. ओठ किंवा जीभ सुजली तर थेट इमर्जन्सीत जा. गरोदरपणात हे दोन्ही गट चालत नाहीत. आणि ‘कमी सोडियम’वाल्या मिठात बहुधा पोटॅशियम असतं, या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं, तेव्हा ते मीठ विचारल्याशिवाय नको. गोळी सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम तपासून घ्या.

क्लोरथॅलिडोन ही लघवीची गोळी. ती लघवीवाटे सोडियम बाहेर काढते. सकाळी घ्या, म्हणजे रात्री उठावं लागत नाही. पायात गोळे येऊ लागले किंवा वयस्कर माणूस असंबद्ध बोलू लागला तर सोडियम-पोटॅशियम बघा.

मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल या नाडी मंदावणाऱ्या गोळ्या एकदम बंद करू नका. नाडी आणि बीपी दोन्ही उसळतात, हृदयविकार असेल तर छातीत दुखू शकतं.

नीट चाललेलं बीपी अचानक वाढलं की आधी विचारा, गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक चालू आहे का? या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी अडवतात. टेल्मिसार्टन आणि लघवीच्या गोळीसोबत त्या घेतल्या, त्यात जुलाब लागले, तर किडनी काही दिवसांत बसू शकते.