ब्युरोच्या पाटीवरचं 'सरकारमान्य'

लातूर घ्या, परभणी घ्या, नांदेड घ्या. दवाखान्यांच्या गल्लीत औषध दुकानाच्या शटरवर नाहीतर लाइटच्या खांबावर पत्रक चिकटवलेलं असतंच: 'सरकारमान्य नर्सिंग ब्युरो, पेशंट सांभाळायला माणूस मिळेल.' लेकरं पुण्याला, इकडं म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलेलं. डिस्चार्जच्या दिवशी फोन जातो तो याच नंबरला. त्या 'सरकारमान्य'चा कागद दाखवा म्हणून मात्र कुणी विचारत नाही.

विचारलं तर बहुतेक वेळा दोन कागद पुढे येतात. एक शॉप अ‍ॅक्टची पावती आणि दुसरा उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मोजकीच माणसं कामाला असतील तर मालकाने ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. उद्यम म्हणजे मालकाने स्वतःच भरलेली माहिती, तीही फुकटात. पिठाची गिरणी टाकणाराही हेच दोन कागद काढतो. रुग्ण सांभाळता येतो की नाही, हे दोन्हींपैकी एकही कागद सांगत नाही.

1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा जागेला लागतो, रुग्ण दाखल करून उपचार होतात त्या जागेला. तुमच्या घरातली मधली खोली त्यात बसत नाही. ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या दुरुस्तीचं विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलं होतं आणि घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी त्यात होती. ते मंजूर झालं नाही, आणि 2024 मध्ये ती लोकसभा संपली तसं विधेयकही बुडालं. इकडं फाटकावर वॉचमन पुरवायचा तर 2005 च्या कायद्याने एजन्सीला राज्याचं लायसन लागतं, गार्डला 160 तासांचं प्रशिक्षण आणि पोलीस पडताळणीही लागते. फाटकाच्या आत, म्हातारीच्या उशाशी रात्र काढणारी केअरटेकर पाठवणाऱ्या ब्युरोला महाराष्ट्रात असं स्वतंत्र लायसन नाही.

कायद्याची पकड आहे ती नर्सवर. नर्सिंगचं शिक्षण तीन प्रकारचं: एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. पुढे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, आणि तिचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णाच्या देखभालीतल्या मदतनिसाचा, कोर्स केलेली बाई चांगली केअरटेकर असू शकते, पण ती नर्स नव्हे. घोळ होतो तो इथेच: व्हॉट्सअ‍ॅपवर एका सिस्टरचं सर्टिफिकेट येतं, ड्युटीवर दुसरीच येते आणि बिल नर्सच्या दराने लागतं. म्हणून पहिल्याच दिवशी दारातच मूळ नोंदणीपत्र मागा, आधारवरचं नाव-फोटो जुळवा, मुदतीची तारीख वाचा. नावात लग्नाआधीचं-नंतरचं असा फरक असेल तर त्याचा पुरावाही बघा. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र सगळ्यांचंच मागायचं. आधारवर गावाचा पत्ता आणि राहायला शहरात भाड्याने असं सर्रास असतं, तेव्हा सध्याचा पत्ता घरमालकाच्या फोननंबरसह वेगळा लिहून घ्या.

नर्स आणि केअरटेकर यांच्या कामातली सीमा का सांभाळायची, ते नाकातल्या नळीवरून कळतं. शिकवलेली केअरटेकर नळीतून पातळ आहार देऊ शकते. नळी घालणं किंवा बदलणं हे तिचं काम नाही. नाकपुडीपाशी नळीवर पेनाने खूण केलेली असते. घामाने चिकटपट्टी सुटते (आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर रोजच), नळी चार बोटं बाहेर येते आणि बाई चांगल्या मनानेच ती परत आत सारते. टोक जठरात न जाता श्वासनलिकेत गेलं तर पुढचं दूध फुप्फुसात उतरतं. खूण सरकलेली दिसली की आहार थांबवायचा आणि नर्सला बोलवायचं, बस्स. एरवी आहार देताना पलंगाचं डोकं 30 ते 45 अंश वर ठेवायचं, नंतरही अर्धा-एक तास तसंच.

हे सगळं करारात लिहा: कोणती कामं करायची आणि कोणती अजिबात नाहीत. इंजेक्शन, सलाईन, लघवीची नळी बदलणं फक्त नर्सकडे. छापील करारात 'आम्ही फक्त मध्यस्थ, जबाबदारी नाही' असं वाक्य बहुधा शेवटी बारीक अक्षरात असतं. ते खोडायला लावा. ब्युरो तयार नसेल तर तो तुम्हाला फक्त नंबर विकतोय, तेवढ्यापुरतेच पैसे द्या. दिवाळीत, लग्नसराईत 'माणूस नाही' हे ऐकायला मिळणारच, तेव्हा बदली किती तासांत आणि नाही मिळाली तर त्या दिवसाचे पैसे कसे कापायचे तेही लिहा. बाईच्या हातात किती जातात, ब्युरोचं कमिशन किती, हेही विचाराच. फार कापणाऱ्याकडे माणूस टिकत नाही.

चोवीस तासांची ड्युटी हा तर भ्रमच. दर दोन तासांनी कूस बदलायची असेल तर ते एकीच्याने होत नाही. चौथ्या रात्री तिचा डोळा लागतो आणि सकाळी माकडहाडावर लाल चट्टा दिसतो. दाबून बोट उचललं तरी तो पांढरा पडत नसेल तर बेडसोअर सुरू झालेलं असतं. दोन पाळ्या परवडत नसतील तर रात्रीची पाळी घरच्यांनी वाटून घ्यावी.

पैसे रोख देऊ नका. ब्युरोच्याच खात्यावर भरा आणि बिल घ्या. वाद झालाच तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. म्हाताऱ्या माणसाला मारहाण, उपासमार असा संशय असेल तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, आणि जिवावरचं असेल तर सरळ 112.