बहूबाजार ते श्रीरामपूर, पायी

श्रीरामपूर म्हटलं की आपल्याकडे नगर जिल्ह्यातलं गाव डोळ्यांपुढे येतं. मी चालत गेले ते श्रीरामपूर बंगालमधलं, हुगळी नदीच्या पश्चिम काठावरचं. २८ डिसेंबर १८०० रोजी तिथल्या घाटावर कृष्ण पाल नावाच्या एका सुताराने बाप्तिस्मा घेतला आणि तिथली बाप्टिस्ट मंडळी, म्हणजे त्या ख्रिस्ती पंथाची उपासक मंडळी, खऱ्या अर्थाने बंगाली झाली. म्हणून त्याच तारखेला निघायचं, असं कोलकात्यातल्या आम्ही काही घरांनी ठरवलं. मी एकटीच मराठी, बाकी सगळे बंगाली. मी नगरकडची, घरात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या भजनांवर वाढलेली. शेजारच्या काकूंबरोबर आळंदीहून दिवेघाटापर्यंत मी चालले आहे, त्यामुळे चालण्याची भीती नव्हती.

बहूबाजारातल्या कॅरी बाप्टिस्ट चर्चपासून पहाटेच निघालो. शेजारच्या बो बॅरॅक्स वस्तीत नाताळच्या माळा अजून लुकलुकत होत्या. १ जानेवारी १८०९ला कॅरी चर्चचं हे देऊळ उघडलं तेव्हा त्याला लाल बाजार चॅपेल म्हणत. श्रीरामपूरच्या मंडळीचंच हे रोप. दारातच प्रार्थना झाली, एक गीत झालं आणि आम्ही श्यामबाजारच्या रस्त्याला लागलो.

नेताजींच्या घोड्यावरच्या पुतळ्याला वळसा घातला की बी. टी. रोड, म्हणजे बराकपूर ट्रंक रोड, सुरू होतो. हा रस्ता चालणाऱ्याचे लाड करत नाही. बस, लॉऱ्या, टोटो म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षा, मधूनच फुटपाथ संपतो आणि गटारावरच्या फरशीवरून जावं लागतं. पण धुकं होतं, गारवा होता आणि मातीच्या भांड्यातला चहा पावलापावलावर मिळत होता. डनलपच्या अलीकडे आमच्यातल्या माशीमांनी, म्हणजे मावशींनी, गाणं धरलं. त्या पुढे म्हणायच्या, आम्ही मागून. टाळ नव्हते, पण पावलं आपोआप एका लयीत पडायला लागली.

पहिला विसावा खडदहला घेतला. केळीच्या पानावर कचौरी आणि बटाट्याची भाजी होती. खाता खाता विषय निघाला विल्यम कॅरीचा. इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायरमधला हा चांभारकाम करणारा मिशनरी १७९३ साली कोलकात्यात उतरला. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं आणि तिथला गव्हर्नर ओले बी याने या लोकांना आसरा दिला. १० जानेवारी १८०० रोजी कॅरी तिथं पोहोचला. जोशुआ आणि हॅना मार्शमन, विल्यम वॉर्ड हे त्याचे सहकारी आधीच आले होते. त्या एप्रिलमध्ये त्यांनी रीतसर मंडळी स्थापन केली आणि कॅरी तिचा पाळक झाला. पण तोवर ती परदेशी कुटुंबांचीच होती.

"दिदी, तुमच्या मराठीचं काय ते सांगा," बरोबरचा एक मुलगा म्हणाला. मग मी वैजनाथ पंडितांबद्दल सांगितलं. कॅरी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या अधिकाऱ्यांना बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवायचा आणि या कामात त्याचा उजवा हात होते नागपूरकडचे वैजनाथशास्त्री. १८०५ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी व्याकरण निघालं, त्याच वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान, आणि १८१०मध्ये मराठी कोश, तोही मोडी टाइपात. छपाईचे खिळे, म्हणजे टाइप, पाडण्याची कला तिथं पंचानन कर्मकार या बंगाली लोहाराने रुजवली होती. आमच्या घरच्या जुन्या बायबलची आजी इथं जन्मली, हे बोलताना माझाच आवाज जरा भरून आला.

टिटागडच्या गिरण्या मागे टाकून बराकपूरला आलो तेव्हा ऊन चढलं होतं. धोबीघाटावरून फेरी पलीकडे नेते. लाकडी फळ्यांच्या जेट्टीवर सायकली, कोबीच्या पाट्या, कॉलेजची मुलं. बोट सुटली आणि समोर श्रीरामपूर कॉलेजचे पांढरे उंच खांब दिसायला लागले. माशीमा उठून उभ्या राहिल्या. बसायला सांगितलं तरी ऐकेनात.

घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो आणि त्या दिवसाची हकीकत एकमेकांना सांगितली. कृष्ण पाल आधी बंगालमधल्या कर्ताभजा या भक्तिपंथाचा, स्वतः गुरू म्हणून मान असलेला. नोव्हेंबर १८००मध्ये अंघोळीला जाताना घसरून त्याचा खांदा निखळला. मिशनमधल्या डॉक्टर जॉन थॉमसने त्याला झाडाला बांधून खांदा बसवला. मग जाणं-येणं सुरू झालं. पण मला सगळ्यात मोठा वाटतो तो २२ डिसेंबर. त्या दिवशी कृष्ण आणि त्याचा मित्र गोकुळ मिशनच्या घरात शिरले आणि सगळ्यांबरोबर एका पंगतीला जेवले. बाप्तिस्मा नंतर, जेवण आधी. जात तिथेच, ताटावर गळून पडली. गावात बोंब झाली, लोकांनी दोघांना ओढत न्यायाधीशापुढे उभं केलं. त्याने उलट या दोघांनाच शाबासकी देऊन सोडून दिलं.

आणि मग तो रविवार. गोकुळ थोडा थांबला. कृष्ण मात्र आला. एका बाजूला कॅरीचा मुलगा फेलिक्स, दुसऱ्या बाजूला कृष्ण आणि मध्ये कॅरी, असे तिघे नदीपर्यंत चालत आले. काठावर पोर्तुगीज, हिंदू, मुसलमान, सगळे जमले होते. गव्हर्नर आला होता. बाप्टिस्ट रीत अशी की कळत्या वयाच्या माणसाने स्वतःच्या तोंडाने विश्वास सांगायचा आणि पूर्ण पाण्यात बुडून वर यायचं. या नदीला आम्ही पवित्र मानत नाही, हे साधं पाणी आहे, असं कॅरीने बंगालीत आधीच सांगून टाकलं. गव्हर्नरच्या डोळ्यांत पाणी आलं, असं वॉर्डने लिहून ठेवलंय. त्याच वेळी डॉक्टर थॉमस वेड लागल्यामुळे खोलीत कोंडलेला होता आणि कॅरीची बायको डोरोथी दुसऱ्या खोलीत, तीही मनाने ढासळलेली. नवरा आणि मुलगा नदीवर असताना ती बाई घरात काय भोगत असेल, याचा विचार मला तिथं बसल्यावर सोडवेना. मंडळीच्या इतिहासात तिच्यासाठी एवढीशीच जागा असते. ती मोठी हवी.

पुढची वाढ घराघरांतून झाली. कृष्णच्या मेव्हणीने, जयमणीने बाप्तिस्मा घेतला, मग बायकोने, मग गोकुळने. कृष्णने स्वतःच्या घरासमोर उपासनेसाठी घर बांधलं. १८०३ साली कृष्णप्रसाद नावाच्या ब्राह्मण तरुणाने कृष्ण पालच्या, म्हणजे सुताराच्या, मुलीशी लग्न केलं. त्याच वर्षी गोकुळ वारला. त्याच्या शवपेटीला खांदा दिला मार्शमनने, फेलिक्सने, ब्राह्मण घरातल्या भैरवने आणि मुसलमान घरातल्या पिरूने. दक्षिणेतल्या काही जुन्या मंडळ्यांत तेव्हा जातीप्रमाणे वेगळं बसवत. श्रीरामपूरने ते पहिल्यापासून नाकारलं. आपल्याकडे आजही ख्रिस्ती घरांत सोयरीक जुळवताना आडून आडून जुनी जात विचारली जाते. मला याचा मनापासून राग येतो, आणि त्या घाटावर तो दुप्पट झाला.

कृष्ण पाल काही गावातच बसून राहिला नाही. कोलकात्यात दारोदार उपदेश केला, १८१३मध्ये आता बांगलादेशात असलेल्या सिल्हेटच्या वेशीवर जाऊन खासी या डोंगरी जमातीच्या माणसांना बाप्तिस्मा दिला, १८२२ साली पटकीने गेला. मिशनच्या छापखान्याच्या जागेवर पुढे ज्यूटची गिरणी आली. १८१८ साली सुरू झालेलं कॉलेज मात्र उभं आहे.

दफनभूमीत कॅरी, मार्शमन, वॉर्ड तिघेही आहेत. कॅरी ९ जून १८३४ला गेला. आपण एक दीन, असहाय कीटक आहोत आणि देवाच्या हातांवर स्वतःला टाकतो आहोत, एवढंच दगडावर लिहा, असं त्याने सांगून ठेवलं होतं. माशीमांनी पदराने त्या अक्षरांवरची धूळ पुसली आणि मला म्हणाल्या, "तू मराठीत प्रार्थना कर. बंगाली आम्ही करतोच." मी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणायला लागले. कळत नसूनही सगळे शेवटपर्यंत हात जोडून उभे होते.

जॉननगरच्या मंडळीत खिचडी आणि वांग्याची भजी वाट बघत होती. जमिनीवर चटया, शेजारी कोण बसलंय हे कुणी विचारत नव्हतं. पायाला फोड आले होते, पण तिथल्या मुलींनी मीठ-पाण्याची बादली आणून ठेवली होती.

पुढच्या २८ डिसेंबरला नगरहून माझी भाची आणि तिचा होणारा नवरा यायचं म्हणताहेत. दोन्ही घरं ख्रिस्तीच, तरी जातीवरून बोलणी अडली आहेत. बूट चांगले घ्या आणि रात्री लवकर झोपा, एवढंच मी फोनवर सांगितलं. कृष्णप्रसादच्या लग्नाची गोष्ट त्यांना घाटावर बसूनच सांगणार आहे, आणि जमलं तर दोघांच्या आयांनाही बरोबर आणणार आहे.